देवाविषयी पुष्कळ, देवाशी काहीच नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"गेली बरीच वर्षे मी गीता आणि प्रमुख उपनिषदे भाष्यांसह अभ्यासतो आहे. निवृत्तीनंतर दर आठवड्याला एक अभ्यासमंडळही चालवतो. लोक शंका विचारतात आणि उत्तरे देताना मी सहसा अडखळत नाही. काही महिन्यांपूर्वी पत्नीची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती आत असताना मी बाहेर बाकावर बसून प्रार्थना करू पाहत होतो, पण मनात येत होत्या त्या व्याख्या. प्रारब्ध म्हणजे काय, देह अनित्य कसा, साक्षी कोण. हाक काही मारता आली नाही. दुसऱ्या दिवशी पत्नीने क्षीण आवाजात सहज विचारले, 'देवाला काही म्हणालात का?' मी गप्प राहिलो. तिने आयुष्यात एकही भाष्य वाचलेले नाही, पण ती देवाशी बोलते, त्याच्यावर रुसते, कधी त्याला चार शब्द सुनावतेही. तेव्हापासून वाटते आहे की माझी इतकी वर्षे फुकट गेली. एक स्नेही म्हणतात, 'पुस्तके मिटा आणि प्रेम करा.' पण ज्याला नीट जाणले नाही त्याच्यावर प्रेम करणे हा आंधळेपणा नव्हे का? प्रेम काय ठरवून करता येते? शिवाय जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या ज्या अद्वैताचा मी अभ्यास केला त्यात कोणी कोणावर प्रेम करायचे? आणि असा कोरडा माणूस म्हणून मी मंडळ चालवत राहणे हे ढोंग नाही का?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तो तुमच्या पत्नीने विचारला आहे. 'देवाला काही म्हणालात का?' या साध्या विचारण्यात तिने दोन गोष्टी धरून चालल्या आहेत: देव ऐकणारा आहे, आणि तुम्ही त्याच्याशी बोलू शकता. बाकावर बसून तुम्ही जे करत होतात ते देवाविषयीचे चिंतन होते आणि माझ्या अंदाजाने ते बिनचूकही होते, पण त्यात देव हा विषय होता, समोरचा नव्हता. ज्याच्याविषयी आपण बोलतो तो तिथे हजर असण्याची गरज नसते. ज्याच्याशी बोलतो तो मात्र असावाच लागतो, निदान तो आहे असे धरून तोंड उघडावे लागते. ज्ञान आणि प्रेम यांच्यातले अंतर मला नेमके इथे दिसते, आणि तुमच्या बाकीच्या शंकांकडेही मी याच बाजूने पाहणार आहे.

वर्षे फुकट गेली हे मात्र मला मान्य नाही. ज्या ग्रंथाचा तुम्ही इतका अभ्यास केला त्याचाच अकरावा अध्याय या दृष्टीने पुन्हा उघडून पाहा. तो अध्याय विश्वरूपाचे वर्णन म्हणून वाचण्याची आपल्याला सवय आहे, आणि त्यामुळे ते रूप पाहिल्यावर अर्जुन काय करतो याकडे आपले लक्ष कमी जाते. त्याला दिव्य दृष्टी मिळते. ईश्वराचे जेवढे म्हणून ज्ञान एखाद्या देहधारी माणसाला डोळ्यांनी होऊ शकेल तेवढे त्याला होते, तेही अनुमानाने किंवा शब्दाने नव्हे तर प्रत्यक्ष. त्यानंतर त्याच्या तोंडून पहिल्यांदा स्तुती निघते, मग भीती, आणि मग एक अतिशय माणसासारखी गोष्ट: तुला मित्र समजून मी 'अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या' म्हणत आलो, खेळताना, झोपताना, बसताना, जेवताना थट्टेत तुझा मान राखला नाही, त्याची क्षमा कर. आणि शेवटी तो मागतो काय, तर ते रूप आवरून घे आणि पूर्वीचे ओळखीचे रूप दाखव. ते सौम्य मानुषरूप पुन्हा दिसल्यावर तो म्हणतो की आता माझे चित्त ठिकाणावर आले.

एवढे सगळे दाखवून झाल्यावर श्रीकृष्ण जे सांगतो ते तुम्हाला पाठ असणार. वेदांनी, तपाने, दानाने, यज्ञाने मला असे पाहता येत नाही. अनन्य भक्तीने मात्र मला तत्त्वतः जाणता येते, पाहता येते आणि माझ्यात प्रवेश करता येतो. इथे 'जाणणे' भक्तीच्या पोटात घातले आहे. अठराव्या अध्यायात हेच पुन्हा येते: भक्तीने तो मला, मी जेवढा आणि जो आहे तसा, तत्त्वतः जाणतो. आधी सगळे जाणून घ्यावे आणि मग प्रेम करायचे की नाही ते ठरवावे, असा क्रम गीतेने कुठेही लावलेला नाही. तुमच्या मनाने तो लावून ठेवला आहे, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. अभ्यासाची सवय लागलेल्या माणसाला तयारी पुरती झाल्याशिवाय पाऊल टाकणे अप्रामाणिक वाटते.

तुम्ही म्हणाल, पण गीतेनेच ज्ञानासारखे पवित्र दुसरे काही नाही असे म्हटले आहे, आणि सातव्या अध्यायात आर्त (संकटात हाक मारणारा), जिज्ञासू, अर्थार्थी (काही मिळावे म्हणून भजणारा) आणि ज्ञानी अशा चार भक्तांमध्ये ज्ञानी श्रेष्ठ ठरवला आहे. खरे आहे. पण तो श्लोक पुरता पाहा. श्रेष्ठ ठरलेला ज्ञानी 'एकभक्ती' आहे, नुसता ज्ञानी नाही. चौघेही आधी भक्त आहेत, आणि त्यांतल्या ज्याची भक्ती एकाच ठिकाणी स्थिरावली आहे त्याला ज्ञानी म्हटले आहे. त्या यादीत आर्तही आहे, आणि चौघांनाही पुढे 'उदार' म्हटले आहे, हे माझ्या मते तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहे. बाकावर बसलेल्या माणसाला आर्त होण्याची परवानगी होती. तुम्ही ती घेतली नाही, कारण आर्ताने मागितलेले काहीतरी खालच्या पायरीवरचे असते असे आपण वर्षानुवर्षे शिकवत आणि ऐकत आलेलो असतो.

ज्ञान आणि भक्ती यांच्या नात्यावर सर्वांत नेमके बोलणे मला नारदाच्या भक्तिसूत्रांत सापडते. चौऱ्याऐंशी छोटी सूत्रे आहेत. तुम्ही ती वाचली असतील, पण अभ्यासमंडळात ती सहसा घेतली जात नाहीत, कारण त्यांत वाद घालायला फारसा वाव नाही. तिथे नारद दुसऱ्यांची दोन मते आधी सांगतो. काहींच्या मते भक्तीचे साधन ज्ञानच. इतरांच्या मते ज्ञान आणि भक्ती एकमेकांच्या आश्रयाने राहतात. मग तो स्वतःचे मत देतो की भक्ती ही स्वतःच फळ आहे. आणि लगेच राजवाड्याचा आणि भोजनाचा दाखला देतो: ते कसे असते हे कळल्याने राजा प्रसन्न होत नाही आणि भूकही भागत नाही. या दाखल्यात ज्ञानाची निंदा नाही. भोजनाची माहिती खोटी आहे असे तो म्हणत नाही, ती माहिती पोटात गेलेली नाही एवढेच म्हणतो. तुमचे दुःख नेमके याच जातीचे आहे, आणि त्यावरचा उपाय माहिती पुसून टाकणे हा असूच शकत नाही.

तुमच्या स्नेह्यांचे 'पुस्तके मिटा' हे म्हणणे म्हणूनच मला अर्धवट वाटते. नारदाचेच आणखी एक सूत्र पुढे सांगते की भक्तिशास्त्रांचे मनन करावे आणि भक्ती जागी करणारी कर्मे करावीत. दोन्ही एकाच सूत्रात आहेत. तुमच्या आयुष्यात पहिला भाग भरपूर झाला आहे आणि दुसरा राहून गेला आहे, असे तुमच्या पत्रावरून दिसते.

आता आंधळेपणाची शंका. ती रास्त आहे, आणि प्रेमाची थोरवी सांगणारे लोक ती झटकून टाकतात ते मला आवडत नाही. गोपींच्या प्रेमाचे उदाहरण देताना नारदाने मुद्दाम बजावले आहे की त्यांनाही कृष्णाच्या माहात्म्याचे विस्मरण झालेले नव्हते, आणि ते ज्ञान नसेल तर ते प्रेम जाराच्या प्रेमासारखे होईल. आपल्याकडे नामदेवांची गोष्ट सांगतात तीही याच कारणासाठी. विठ्ठलाशी इतकी सलगी असलेला माणूस, पण संतांच्या मेळाव्यात कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी मडकी ठोकून पाहायचे थापटणे घेऊन सर्वांच्या डोक्यांची परीक्षा केली तेव्हा नामदेवांचेच मडके कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांकडे गेल्यावर, देव एकाच ठिकाणी आहे ही त्यांची समजूत गळून पडली. गोष्ट म्हणून ती आहे तशीच घ्यावी, तिच्या ऐतिहासिक खरेखोटेपणात मी जात नाही. पण संतपरंपरेने ही गोष्ट जपली याचा अर्थ असा की प्रेमाला पक्केपणा लागतो हे तिला ठाऊक होते. विवेक सुटलेले प्रेम कोणाही बुवाच्या पायाशी जाऊन बसते आणि तिथे आपली बुद्धी, पैसा आणि कधी कधी घरातली माणसेही गहाण टाकते, हे आपण पाहतोच. तुमच्या अभ्यासाने तुमच्याभोवती एवढे कुंपण तरी नक्की घातले आहे.

मात्र त्या गोष्टीचा शेवटही विसरू नये. ज्ञान झाल्यावर नामदेवांनी कीर्तन सोडले नाही. विठ्ठलाला हाका मारणे, त्याच्यावर रागावणे, त्याला जाब विचारणे, हे सगळे चालूच राहिले. मडके पक्के झाले म्हणजे त्यात पाणी भरायचे थांबवावे असे कोणी त्यांना सांगितले नाही. उलट दिशेचा प्रवास भागवताच्या दशम स्कंधात उद्धवाचा आहे. प्रत्यक्ष बृहस्पतीचा शिष्य, बुद्धिमंतांत श्रेष्ठ, कृष्णाचा निरोप घेऊन व्रजात गोपींकडे जातो. निरोपात तत्त्वज्ञान आहे, मी सर्वांचा आत्मा आहे, तुमचा माझ्याशी वियोग होऊच शकत नाही, अशा धर्तीचे. तो तिथे काही महिने राहतो, आणि निघताना त्याला हवेसे वाटते ते एवढेच की या वृंदावनात एखादे झुडूप, वेल किंवा वनस्पती होऊन राहावे, म्हणजे या स्त्रियांच्या पायांची धूळ अंगावर पडेल. त्याने आणलेला निरोप खोटा ठरला नाही, गोपींनी तो ऐकलाही. पण ज्यांना समजवायला गेला त्यांच्याकडे पाहून उद्धवाला आपल्यात काय उणे आहे ते कळले. त्या बाबतीत तुम्ही आणि तो एकाच पंगतीला बसला आहात, आणि ती पंगत काही कमी प्रतीची नाही.

अद्वैतात कोणी कोणावर प्रेम करायचे, हा प्रश्न तुम्हाला वाटतो तितका अडवणारा नाही. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त त्याला सरळ उत्तर दिले आहे: एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरून काढता येतो, मग भक्तीचा व्यवहार तसा का होऊ नये? दगड एकच आहे हे कोरणाऱ्याला ठाऊक असते, तरीही मूर्तीपुढे नमस्काराची मूर्ती उभी राहते. आणि एकट्या ज्ञानेश्वरांचाच दाखला पुरेसा वाटत नसेल, तर 'अद्वैतसिद्धी'सारखा कठोर तर्काचा ग्रंथ लिहिणाऱ्या मधुसूदन सरस्वतींकडे पाहा. त्यांनीच 'भक्तिरसायन' लिहिले. द्वैतवाद्यांचा एकेक आक्षेप खोडून काढणाऱ्या या संन्याशाला कृष्णाच्या प्रेमात विसंगती वाटली नाही. तेव्हा अद्वैत आडवे येते हे कारण, क्षमा करा, मला थोडे सोयीचे वाटते. बोलायला संकोच वाटणाऱ्या माणसाला 'बोलणारा आणि ऐकणारा एकच' हे वाक्य छान आडोसा देते.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न: प्रेम ठरवून करता येते का?

उमाळा ठरवून आणता येत नाही. डोळ्यांत पाणी आणणे, कंठ दाटणे, अंगावर रोमांच उभे राहणे हे कोणाच्याही हातात नसते, आणि ते आणण्याचा प्रयत्न करू लागलो की नाटक सुरू होते. पण प्रेम म्हणजे उमाळा, हे समीकरणच मुळात तपासायला हवे. सोळाव्या शतकातली स्पेनमधली संन्यासिनी अविलाची तेरेसा हिने 1577 मध्ये लिहिलेल्या आपल्या ग्रंथात दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत. पहिली अशी की फार विचार करणे महत्त्वाचे नाही, फार प्रेम करणे महत्त्वाचे आहे. दुसरी, जी पहिलीइतकी प्रसिद्ध नाही, ती अशी की प्रेम हे मनाला किती गोड वाटले यावर ठरत नाही, देवाला संतोष व्हावा म्हणून आपण किती निर्धाराने वागतो यावर ठरते. हे तिने पुस्तकी सांगितलेले नाही. आत्मचरित्रात ती कबूल करते की अठरा वर्षे हाताशी पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धैर्य तिला होत नसे. पुस्तक जवळ असले की मन आवरायचे, नसले की सैरावैरा धावायचे. आणि काही वर्षे तर अशी गेली की प्रार्थनेची घटका कधी संपते याकडे तिचे लक्ष देवापेक्षा जास्त असे, घड्याळाचा ठोका ऐकण्यासाठी तिचे कान टवकारलेले असत. तरीही ती बसत राहिली. भक्तीच्या जगातल्या एका फार मोठ्या व्यक्तीचा हा कोरडा काळ आहे, आणि तो तिने लपवला नाही म्हणून तुमच्यामाझ्यासारख्यांना आज उपयोगी पडतो.

म्हणजे ठरवून करता येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. बसणे ठरवता येते. तोंड उघडणे ठरवता येते. एखादे काम त्याच्या नावाने करणे ठरवता येते. भक्तीचे लक्षण सांगताना नारदाने आपले म्हणून जे मत दिले आहे ते असे: आपले सर्व आचरण त्याला अर्पण करणे, आणि त्याचा विसर पडला तर अत्यंत व्याकूळ होणे. या दोहोंतला पहिला भाग सर्वस्वी आपल्या हातातला आहे. दुसरा यथावकाश येतो. बाकावर बसल्यावर तुम्हाला जे जाणवले ती ही व्याकुळता होती, असे सांगून तुमची समजूत घालण्याचा मोह मला होतो आहे, पण तसे मी म्हणणार नाही. त्या क्षणी तुमच्या मनात पत्नीची काळजी होती, आणि नंतर आपल्याला हाकही मारता आली नाही याची शरम. दोन्ही भावना प्रामाणिक आहेत. त्यांना लगेच मोठे आध्यात्मिक नाव दिले तर पुन्हा एक व्याख्याच हाती राहील.

प्रत्यक्षात काय करावे ते सांगतो. रोज वाचता तसेच वाचा, पण वाचून झाल्यावर ग्रंथ मिटण्याआधी त्या दिवशी वाचलेले एकच वाक्य निवडा आणि त्यातला 'तो' काढून 'तू' घाला. 'ईश्वर सर्व प्राण्यांच्या हृदयात राहतो' हे वाक्य तुम्ही शेकडो वेळा उच्चारले असेल. आता 'तू माझ्या हृदयात राहतोस' असे मोठ्याने, एकट्याने, खोलीत म्हणून पाहा. जीभ अडखळेल. आपला आवाज आपल्यालाच परका वाटेल. दार लोटलेले आहे ना, कोणी ऐकत तर नाही ना, असा संकोच वाटेल, आणि जवळजवळ खात्रीने पुढचे वाक्य 'पण मला तसे वाटत नाही' असे येईल. ते वाक्यही त्यालाच सांगा. तेवढ्यावर उठले तरी चालेल. ज्या दिवशी काहीच सुचणार नाही त्या दिवशी 'आज काही सुचत नाही' एवढेच म्हणून उठा, पण म्हणा ते त्याला. तक्रार असेल तर तक्रार करा. आपल्या संतांनी देवाला निष्ठुर म्हटले आहे, त्याच्याकडून येणे असल्यासारखा तगादा लावला आहे, आणि त्यात कोणाला अनादर दिसला नाही, कारण ज्याच्याशी नाते नाही त्याच्याशी माणूस भांडत नाही. तुमच्या पत्नीला हे कोणी शिकवलेले नाही आणि ती ते करते. तिला याबद्दल विचारायलाही हरकत नाही. इतकी वर्षे शंका तुमच्याकडे येत आल्या. एखादी तुम्ही तिच्याकडे नेलीत तर तिला बरे वाटेल असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट तिच्याशीच निगडित आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात भक्तांचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत सर्वांत खालचा भक्त तो, जो मूर्तीत श्रद्धेने हरीची पूजा करतो पण त्याच्या भक्तांत आणि इतर माणसांत त्याला पाहत नाही. तिसऱ्या स्कंधात कपिलमुनींनी याहून कडक शब्दांत सांगितले आहे की सर्व भूतांत असलेल्या ईश्वराची उपेक्षा करून केवळ मूर्ती पूजणारा राखेत आहुती टाकतो. हे श्लोक मंडळात समजावून देणे सोपे आहे. पण सध्या तुमच्या घरात शस्त्रक्रियेतून उठलेले एक माणूस आहे. तिची औषधाची वेळ सांभाळणे, रात्री हाक मारल्यावर पहिल्या हाकेला उठणे, तेच तेच दुखणे पुन्हा पुन्हा ऐकून घेणे, यातले काहीही तुम्ही आजवर 'कर्तव्य' या सदरात टाकले असेल. ते काही दिवस 'हे तुझ्यासाठी' असे मनात त्याला सांगून करा. मी हे उपमा म्हणून सांगत नाही. नारदाने अर्पण म्हटले आहे ते याहून वेगळे काही असेल असे मला वाटत नाही, आणि कोरड्या माणसाला प्रेम करायला शिकण्यासाठी समोर जिवंत माणूस असणे ही मोठीच सोय आहे.

एक व्यावहारिक चौकशी मध्येच करतो. हा कोरडेपणा फक्त प्रार्थनेपुरता आहे की सगळीकडे पसरला आहे? झोप, भूक, माणसांची सोबत, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी, या सगळ्यांतलाच रस गेला असेल आणि पत्नीच्या आजारपणापासून तसे झाले असेल, तर ते आध्यात्मिक प्रश्न समजून अंगावर काढू नका, डॉक्टरांना भेटा. लांबलेल्या काळजीने मन थकते.

ज्ञानाच्या वाटेने फार दूर गेलेल्यांनाही हा टप्पा लागतो, हे सांगितले तर तुम्हाला थोडा आधार वाटेल. बगदादच्या निजामिया या त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठात शिकवणारे इमाम गझाली यांनी 1095 मध्ये आपले पद सोडले. सूफींचे ग्रंथ वाचून जेवढे कळण्यासारखे होते तेवढे कळले होते, आणि उरलेले शिकून मिळणारे नाही, चाखूनच कळणारे आहे, असे त्यांच्या ध्यानात आले होते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एक काळ असा आला की वर्गात तोंडातून शब्द फुटेना, घास गिळवेना. पुढची काही वर्षे त्यांनी एकांतात आणि भ्रमंतीत काढली. मात्र विद्या त्यांनी टाकून दिली नाही. त्यांचा सर्वांत मोठा धर्मग्रंथ त्यानंतरच्या काळातला आहे, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते पुन्हा शिकवायलाही बसले.

यावरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. मंडळ सोडू नका. जे आपल्याला अनुभवाला आले नाही ते समजावून सांगणे हे ढोंग नव्हे. ते अनुभवाला आले आहे असे भासवणे हे ढोंग. या दोहोंत फरक राखणे तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी फार काही करावे लागत नाही. पुढच्या वेळी कोणी प्रार्थनेविषयी विचारले तर ग्रंथ काय म्हणतो ते नेहमीप्रमाणे सांगा, आणि मग 'मला स्वतःला हे अजून जमलेले नाही, मी आता कुठे शिकतो आहे' एवढे जोडा. समोरच्यांपैकी निदान काहींची हीच अडचण असेल आणि तुमच्या अस्खलित उत्तरांमुळेच ती त्यांनी आजवर बोलून दाखवली नसेल. मंडळासाठी पुढचा विषय शोधत असाल तर नारदाची सूत्रे घ्या. त्यांत एक सूत्र वाद घालू नये असे सांगते. ते पहिल्याच बैठकीत वाचून टाका, म्हणजे निम्मी चर्चा वाचेल. अकरा प्रकारच्या आसक्तींचे सूत्र आले की मात्र थोडे थांबा. त्यातली पहिली आसक्ती देवाच्या गुणांची आणि माहात्म्याची आहे, आणि शेवटची त्याच्या विरहाची. अभ्यास करणाऱ्याला पहिली बहुधा आधीपासून लागलेली असते, फक्त तिला तो प्रेम म्हणून ओळखत नाही. मधल्या नऊपैकी कोणती तुमच्या स्वभावाला जवळची आहे, दास्याची, सख्याची, वात्सल्याची की आणखी कोणती, हे मंडळात सर्वांनी मिळून ठरवायचा विषय नाही. ते तुम्हीच, एकट्याने, त्यालाच विचारा.

पत्नीच्या प्रकृतीला लवकर आराम पडो.

तुमचा,
सदरलेखक